वेढ्यांची शिल्लक



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा किमान वेतन, कंत्राटी कामगार नाहीतर नव्या श्रमसंहिता, असे काहीतरी उत्तर येईल अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही कळविले, 'विद्युत् गिटारमधील जोरदार हंबकर पिकप आणि त्याची बहुगुणिता.' चिटणिसांनी दोनदा फोन करून विषय बरोबर लिहून घेतला आहे ना, याची खात्री करून घेतली. त्यात त्यांचे काही चुकले नाही. संगीतातील आमची गती भजनाच्या टाळांपलीकडे नाही. परंतु तार गुंडाळणे आम्हांस कळते. युनियनचे काम अंगावर घेण्यापूर्वी आठ वर्षे आम्ही भोसरीच्या एका वर्कशॉपात जळलेल्या मोटारी रिवाइंड करीत होतो. शाळा नववीतच सुटली होती, त्यामुळे विजेविषयी जे काही शिकलो ते जळक्या कॉइलच्या वासावरून आणि रात्री वाचलेल्या पुस्तकांवरून. तेवढ्याच अधिकाराने आज बोलणार आहोत.

सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारला पोकळ पेटी असते. तारेचा आवाज त्या पोकळीत मोठा होतो. विद्युत् गिटारची पेटी बहुधा भरीव लाकडाची असते. विजेवाचून ती वाजविली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही. तिच्या पोलादी तारांखाली एक लांबट डबी बसविलेली असते, तिला पिकप म्हणतात. डबीत लोहचुंबक, आणि त्याच्या प्रभावक्षेत्रात अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकामुळे वरची पोलादी तारही थोडी चुंबक बनते. ती थरथरली की कॉइलमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र थरथरते आणि कॉइलमध्ये वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली दाखविलेला हा नियम आहे. कोयनेच्या जनित्रात जे पाण्याच्या लोंढ्याने घडते, तेच येथे बोटाच्या टिचकीने घडते, इतकाच फरक.

म्हणजे पिकप हा मायक्रोफोन नव्हे. हवेतील आवाज त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. तो लोखंडाची हालचाल ऐकतो. गिटारला नायलॉनच्या तारा लावा, तो मुका होतो.

पण ज्या कॉइलला तारेची थरथर कळते, तिला खोलीतील विजेची थरथरही कळते. भिंतीतील वायरिंग, ट्यूबलाइटचा चोक, अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर या सर्वांचे बदलते चुंबकीय क्षेत्र ती निमूटपणे गोळा करते. आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा, अमेरिकेत ६० वेळा. वादक हात स्थिर ठेवतो तेव्हा जी 'ऽम्म' अशी अखंड गुणगुण ऐकू येते ती हीच. इंग्रजीत तिला 'हम' म्हणतात, आणि तिला झुगारून देणारा तो हंबकर.

हे काम ज्यांनी गिटारसाठी यशस्वी करून दाखविले ते सेथ लव्हर. जन्म १९१०, अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी. त्यांचा मूळ पेशा रेडिओदुरुस्तीचा. त्याच गावी गिब्सन कंपनीचा वाद्यांचा कारखाना होता आणि तेथे ते विजेच्या विभागात काम करीत. त्यांनी एकाऐवजी दोन कॉइली शेजारी शेजारी ठेवल्या. एकीखाली चुंबकाचे उत्तर टोक, दुसरीखाली दक्षिण टोक, आणि दोहोंची जोडणी परस्परविरुद्ध. आता पाहा काय होते. बाहेरची गुणगुण दोन्ही कॉइलींत सारखीच शिरते, पण जोडणी उलट असल्याने एकीत ती जमेस पडते आणि दुसरीत खर्ची. बेरीज जवळजवळ शून्य. तारेच्या स्वराचे मात्र तसे नाही. त्याच्या बाबतीत जोडणीही उलटी आणि चुंबकही उलटा. उणे गुणिले उणे, बरोबर अधिक. दोन्ही कॉइलींचा स्वर एकत्र मिळतो. चोर बाहेर गेला आणि घरचा माणूस दुप्पट झाला!

पेटंटचा अर्ज २२ जून १९५५ रोजी झाला, १९५७ पासून हे पिकप गिब्सनच्या गिटारींत दिसू लागले आणि पेटंट मिळाले २८ जुलै १९५९ रोजी. पेटंटवर शोधक म्हणून नाव लव्हर यांचे, हक्क कंपनीचा. नोकरीतल्या शोधांचे बहुधा असेच होते. दरम्यान पिकपच्या तळाशी 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची बारीक चिठ्ठी लावीत. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या जुन्या पिकपांना आजही 'पीएएफ' म्हणतात. पुढे नंबर असलेली चिठ्ठी आली, तीवर २७,३७,८४२ हा आकडा छापला होता. तो या पेटंटचा नव्हेच, लेस पॉल यांच्या तारा अडकविण्याच्या पट्टीच्या पेटंटचा आहे. नक्कल करणाऱ्यांची दिशाभूल करण्यासाठी हे मुद्दाम केले की कारकुनी चूक झाली, यावर षौकीन लोक अद्याप भांडतात.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. त्या पिकपात ४२ गेजची तार वापरीत. जाडी सुमारे ०·०६३ मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी. एका कॉइलवर सुमारे ५,००० वेढे, दोन्ही मिळून तार जवळजवळ दीड किलोमीटर. मोटारीची कॉइल भरताना तारेला हाताने ओढ देता येते. येथे जरा जास्त ओढ बसली की तार तुटली, कमी बसली की कॉइल फुगली. आणि वेढे मोजण्याची व्यवस्था त्या काळी इतकी ढिली होती की दोन कॉइली तंतोतंत सारख्या क्वचितच निघत. एकीवर शेदोनशे वेढे कमी, दुसरीवर जास्त. चुंबकही हाताला येईल तो, कधी जास्त शक्तीचा तर कधी कमी. त्यामुळे प्रत्येक पिकपचा कंठ वेगळा. आज त्या फरकासाठी श्रीमंत संग्राहक हजारो डॉलर मोजतात. ज्या हातांनी तो फरक केला त्यांची नावे कोणाच्या वहीत नाहीत.

अपवाद आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजेत. कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनीत अबिगेल इबारा या बाई १९५६ साली लागल्या आणि त्यांनी पिकप गुंडाळण्यात हयात घालविली. त्या निवृत्त झाल्या २०१३ साली. आपल्या पिकपांवर त्या स्वतःच्या सहीची अक्षरे आणि तारीख घालीत, आणि त्या अक्षरांमुळे मालाला किंमत येई. सेमूर डंकन यांच्या कारखान्यात मारिसेला हुआरेस यांचे स्थान असेच आहे. त्यांच्या हातचे पिकप लोक नाव सांगून मागवितात. कामगाराचे नाव मालावर पडल्याची अशी उदाहरणे आम्हांस आमच्या चळवळीतही फार सापडली नाहीत.

याच सेमूर डंकन यांच्याकडे कॅलमझूच्या कारखान्यातील एक जुने गुंडाळणीयंत्र आहे, 'लीसोना' नावाचे. लीसोना हे ऱ्होड आयलंडमधील कंपनीचे नाव, आणि या कंपनीचा मूळ धंदा कापडगिरण्यांसाठी सूत गुंडाळण्याची यंत्रे करण्याचा! बॉबिन फिरवावयाची, धागा डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सारखा पसरावयाचा, ओढ एकसारखी ठेवावयाची. सूत काय आणि तांबे काय, काम तेच. मुंबईच्या गिरण्यांत वायंडिंग खाते प्रामुख्याने बायकांचे असे. आमची आई त्या खात्यात होती. तुटलेले सूत दोन बोटांत धरून क्षणात गाठ मारण्याचे तिचे कसब आम्ही घरी गोधडी शिवताना पाहिले आहे. लीसोनाविषयी प्रथम वाचले तेव्हा या गिटारपुराणाशी आमचा काही संबंध आहे असे वाटले, आणि त्या दिवसापासून आम्ही ते मन लावून वाचू लागलो.

असो. आता 'जोरदार' या शब्दाकडे येऊ.

१९६०-७० च्या सुमारास वादकांना अॅम्प्लिफायर त्याच्या सहनशक्तीपलीकडे नेऊन, त्याचा स्वर फोडून वाजविण्याची गोडी लागली. व्हॉल्व्हच्या पहिल्या टप्प्यात पुरेशी मोठी वीज ढकलली की तो तिची टोके छाटतो, आणि स्वर जाडा, लांबणारा, सारंगीसारखा चिवट होतो. तेव्हाच्या अॅम्प्लिफायरांत आतली वाढ बेताचीच होती, म्हणून गिटारमधूनच जास्त वीज निघणे हवे होते. १९७२ साली न्यूयॉर्कच्या लॅरी डिमार्झिओ यांनी 'सुपर डिस्टॉर्शन' नावाचा पिकप बाजारात आणला. वेढे जास्त, तार अधिक बारीक, आणि चुंबक अॅल्निको धातूऐवजी सिरॅमिकचा. गिटार विकत घ्यावयाची एकाची आणि पिकप बदलावयाचा दुसऱ्याचा, या धंद्याची भरभराट येथून सुरू झाली. जाता जाता सांगतो, दोन्ही बॉबिनी फिकट पिवळसर रंगाच्या करण्याचा हक्क या कंपनीने अमेरिकेत व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून ठेवला आहे. प्लॅस्टिकच्या रंगावरही मालकी सांगता येते, हे ऐकून आमचे युनियनचे वकीलही थक्क झाले.

या पिकपच्या जाहिरातीत ओमचा आकडा ठळक छापतात. जुना पीएएफ ८,००० ओमच्या आसपास, सुपर डिस्टॉर्शन १३,००० च्या पुढे, डंकन यांचा 'जेबी' १६,००० च्या वर. ग्राहकास वाटते, आकडा दुप्पट म्हणजे जोर दुप्पट. रिवाइंडिंगचे काम केलेला कोणीही सांगेल की हे खोटे आहे. बारीक तारेचा रोध मीटरमागे मुळातच जास्त असतो. ४२ गेजच्या तारेत ८,००० ओम होण्यास सुमारे १,४७० मीटर तार लागते. ४४ गेजच्या तारेत १६,००० ओम होण्यास १,९०० मीटरच्या आतबाहेर. रोध दुप्पट झाला, तार वाढली पावपटीहून थोडी अधिक. वेढे त्याच प्रमाणात वाढले. बाकीचा जोर चुंबकाचा, आणि थोडा छापणाऱ्याचा.

वेढे वाढविण्याची किंमतही मोजावी लागते. कॉइलचे प्रेरकत्व वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ते वाढले की पिकप ज्या उंचीवरचे स्वर सर्वांत ठळक दाखवितो ती उंची खाली येते. तारेचा काचेसारखा किणकिणता भाग मंदावतो आणि मधला, गळ्यातला भाग पुढे येतो. म्हणून दुकानदार आणि पुष्कळ वादकही सांगतात, 'जोरदार हंबकर म्हणजे हाणामारीच्या संगीताचा माल. दुसऱ्या कशाला उपयोगाचा नाही.' या मताला उत्तर देण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत, कारण हे मत ऐकून एका माणसाच्या पोटाला चिमटा बसत होता.

आमच्या युनियनच्या एका सभासदाचा मुलगा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवितो. गणपतीत आणि लग्नसराईत त्याच्या रात्री ठरलेल्या असतात. बोली नाइटवर, महिन्यावर नाही. एका नाइटीत जुने मंद चालीचे द्वंद्वगीत, मग लावणी, मग १९७० नंतरचे गिटारने सुरू होणारे चित्रपटगीत, आणि शेवटी पोरांना नाचावयास लावणारा धांगडधिंगा. मधल्या वेळात गिटार बदलण्यास सवड नसते आणि त्याच्यापाशी दुसरी गिटारही नाही. शिवाय मांडव म्हणजे गुणगुणीचे माहेरघर. जनरेटर, दिव्यांच्या माळा, डिमर, सर्व एका खांबाला बांधलेले. एका कॉइलचा पिकप तेथे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घोंघावतो. त्याला कोणी सांगितले, साधा हंबकर घे. कोणी सांगितले, तीन गिटारी घे. तीन गिटारी घेणाऱ्याला नाइटवर कशाला जावे लागेल?

आम्ही त्याला जोरदार हंबकर घ्यावयास सांगितले, मात्र चार तारांचा. मर्म येथेच आहे. लव्हर यांच्या मूळ पिकपात दोन्ही कॉइली आतच एकमेकींस जोडलेल्या असत आणि बाहेर एकच संकेताची तार येई. डिमार्झिओ यांनी १९७० नंतरच्याच दशकात सुपर डिस्टॉर्शनची 'ड्युअल साउंड' नावाची आवृत्ती काढली. तिच्यात प्रत्येक कॉइलची दोन्ही टोके बाहेर आणली. दोन कॉइली, चार टोके. एकदा टोके हातात आली की जोडणी कशी करावयाची हे कारखान्याने नव्हे, वादकाने ठरवावयाचे.

दोन्ही कॉइली एकसर, म्हणजे आपले इलेक्ट्रिशियन ज्याला सिरीज म्हणतात तशा जोडल्या की पिकप पूर्ण जोरात बोलतो. शेवटचा धांगडधिंगा त्यावर. त्याच कॉइली समांतर म्हणजे पॅरलल जोडल्या की वीज निम्म्यावर येते, पण प्रेरकत्व चौथाईवर येते. हरवलेली किणकिण परत येते आणि गुणगुण मेलेलीच राहते. मांडवात द्वंद्वगीतासाठी याहून चांगली सोय आम्हांस ठाऊक नाही. तिसरा प्रकार, एक कॉइल बंद करून दुसरी एकटी वाजवावयाची. याला सगळे भुलतात, पण यात गुणगुण परत घरात येते हे विसरू नये.

आता जोरदारपणाचा खरा उपयोग पाहा. जुन्या पीएएफची एक कॉइल एकटी पडली तर तिच्यात जेमतेम ४,००० ओमची तार असते. आवाज फिका, अशक्त. जेबीची एक कॉइल ८,००० ओमच्या घरची. तारेचे गेज जमेस धरूनही तिच्यात एकट्याने उभे राहण्याइतके वेढे आहेत. म्हणजे ज्याच्यापाशी शिल्लक आहे त्यालाच अर्धे टाकून देता येते. साध्या पिकपचे अर्धे केले की काही उरत नाही. संप किती दिवस चालेल हे घरातल्या धान्यावरून ठरते, तसाच हा हिशेब आहे.

ज्यांना स्विच बसवावयाचे नाहीत त्यांच्यासाठी गिटारवरची आवाजाची कळ आहे. जोरदार पिकपची कळ दहावरून चारवर आणली की अॅम्प्लिफायरचे फाटणे थांबते आणि स्वर स्वच्छ होतो. अॅम्प्लिफायरला हात लावावयास नको, पायाखाली पेट्या नकोत. कळ उतरविल्यावर केबलच्या धारकतेमुळे किणकिण थोडी बुडते, त्यावर कळीच्या दोन टोकांना एक लहान कपॅसिटर डाखला की भागते. चहाच्या किमतीचे काम आहे. त्याहूनही स्वस्त उपाय म्हणजे पिकपच्या कडेचे दोन स्क्रू फिरवून त्याला तारांपासून दूर खाली उतरविणे. जोर कमी होतो, स्वर मोकळा होतो. दुर्बळ पिकप वर चढवून मात्र जोरदार करता येत नाही, काही अंतरानंतर ताराच त्यावर आपटू लागतात.

कोणी म्हणेल, ही रिवाइंडिंगवाल्याची आकडेमोड झाली, वादकांचे काय? त्यांचाही दाखला आहे. १९७३ च्या सुमारास लंडनमध्ये काम करीत असताना सेमूर डंकन यांनी जुने मोडके पीएएफ स्वतः नव्याने गुंडाळून एका टेलिकास्टर गिटारीत बसविले आणि ती जेफ बेक यांना दिली. जेबी पिकपचा वंश तेथून निघतो. १९७५ साली बेक यांची 'ब्लो बाय ब्लो' ही ध्वनिमुद्रिका आली. तीत स्टीव्ही वंडर यांची विरहाची एक चाल त्यांनी वाजविली आहे. स्वर आधी वाजवावयाचा आणि मग कळीने हळूच वर आणावयाचा, म्हणजे आघात ऐकूच येत नाही, गाणाऱ्याने श्वास घेऊन आ लावावा तसे वाटते. ज्याला हाणामारीचा माल म्हणतात त्या कुळातला हा स्वर. आम्ही ती मुद्रिका आमच्या शेजारी राहणाऱ्या वृद्ध भजनीबुवांना ऐकविली. वाद्य कोणते ते न सांगता. ते म्हणाले, "सारंगीवाला चांगला आहे." सुपर डिस्टॉर्शनचेही तसेच. तोंडाला रंग फासून आगीच्या लोळांत वाजविणाऱ्या 'किस' या मंडळीतील एस फ्रेली यांनी तो वापरला आणि जॅझच्या अंगाने अतिद्रुत ताना घेणाऱ्या अल डि मिओला यांनीही.

मर्यादाही सांगून टाकतो. तुटलेली एक कॉइल म्हणजे फेंडरचा एकेरी पिकप नव्हे. बॉबिनीचा आकार, चुंबकाची जागा सर्व निराळे. ज्याला तोच स्वर हवा त्याने तोच पिकप घ्यावा. दुसरे, १९८० नंतरच्या अॅम्प्लिफायरांत आतलीच वाढ इतकी आली की फोडण्यासाठी जोरदार पिकपची गरज उरली नाही. पुष्कळ वादक पुन्हा कमी वेढ्यांकडे वळले, आणि घरी बसून एकाच प्रकारचे वाजविणाऱ्याने तसे करण्यास आमची हरकत नाही. आमचा वाद मांडवात उभे राहणाऱ्यापुरता आहे. तेथला अॅम्प्लिफायर मंडप-काँट्रॅक्टरचा असतो आणि तो कसा निघेल हे नारळ फुटेपर्यंत कळत नाही.

कॅलमझूच्या त्या कारखान्याचे पुढे काय झाले, असे सकाळी एका कामगारमित्राने विचारले. कंपनीने १९७० नंतर दक्षिणेकडे नॅशव्हिलला दुसरा कारखाना काढला आणि १९८४ साली कॅलमझूचा बंद केला. गिरणगावातील माणसाला ही कथा नवी नाही. नवे आहे ते पुढचे. गाव सोडून जाण्यास तयार नसलेल्या काही जुन्या कर्मचाऱ्यांनी १९८५ साली 'हेरिटेज' नावाची कंपनी काढून त्याच पार्सन्स रस्त्यावरच्या इमारतीत, काही जुन्याच यंत्रांवर, पुन्हा गिटारी करण्यास आरंभ केला. आपल्याकडे गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले ते आपण पाहताच.

आता व्यवहाराचे दोन शब्द. चार तारांचा पिकप आणल्यावर रंगांवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक कंपनीची रंगांची भाषा वेगळी आहे. एकीचा हिरवा तो दुसरीचा काळा. मल्टिमीटर घ्या, ज्या दोन तारांत काही हजार ओम दिसतील ती एक कॉइल, उरलेल्या दोन ती दुसरी. मग मीटर लावलेला ठेवून कॉइलवर लोखंडी स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि चटकन उचला. काटा कोणत्या बाजूस हलतो ते लिहून ठेवा, दोन्ही कॉइलींचे. यासाठी काट्याचा जुना मीटर बरा, आकड्यांचा मीटर गोंधळ घालतो. लिहिलेले जुळले नाही तर एका कॉइलची टोके उलटवा. ते न केल्यास दोन्ही कॉइली एकमेकींशी भांडतील आणि स्वर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ येईल.

आमच्या सभासदाच्या मुलाने यंदाचे दहाही दिवस याच एका पिकपवर काढले. समांतरचा स्विच त्याने सर्वांत जास्त वापरला असे तो सांगतो, आम्ही मात्र एकट्या कॉइलीवर जास्त भर दिला होता. तो आज मागच्या रांगेत बसला आहे आणि त्याने गिटार आणली आहे. अध्यक्षांची अनुज्ञा असेल तर तो तिन्ही जोडण्या वाजवून दाखवील. या टेबलावर एक पिकप उघडून ठेवला आहे, ज्यांना वेढे पाहावयाचे आहेत त्यांनी भिंग घेऊन यावे. मुलांना एवढीच विनंती, तारेला बोट लावू नये. ती तुटली तर गाठ मारणारी आमच्या घरी आता कोणी राहिलेली नाही.